दुःखात असलेल्या मैत्रिणीचं ऐकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतून सांत्वनाच्या भेटींना जाणाऱ्या आम्ही चार-पाच जणी आहोत. मी पाळक नाही की समुपदेशकही नाही. उपासना संपली की चर्चच्या आवारात, नाहीतर रात्री फोनवर लोक जे विचारतात तेच इथे लिहून काढलं आहे. ‘मैत्रीण’ म्हटलं तिथे मित्रही धरा.

मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. जायचं आहे, पण काय बोलावं तेच सुचत नाही. जाऊ की थोडं थांबू?

जा. सुचायची वाट पाहत बसलात तर महिना निघून जाईल आणि मग जायचीच लाज वाटेल.

पवित्र शास्त्रातला ईयोब, ज्याने सगळं गमावलं, त्याचे तिघे मित्र आठवा: अलीफज, बिल्दद आणि सोफर. उपदेशात आपण त्यांना नेहमी झोडपतो, पण सुरुवात त्यांनी फार चांगली केली होती. आपापल्या गावांहून ते ठरवून आले. लांबून त्यांना मित्र ओळखूही आला नाही, तेव्हा मोठ्याने रडले. मग सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत होतं (ईयोब 2:11-13). पुढे ईयोबाने तोंड उघडून आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि त्याला उत्तर द्यायच्या घाईत या तिघांचा घात झाला. सोळाव्या अध्यायात तो त्यांना सरळ सांगतो की तुमचं सांत्वन म्हणजे नुसता ताप आहे.

तेव्हा दारात चपला काढा, आत जा, बसा. अगदीच काही म्हणावंसं वाटलं तर खरं तेच म्हणा: “मला काय बोलावं सुचत नाही वो, पण मी आली.” एवढं पुरतं. 

“काही लागलं तर सांग” हे वाक्य मात्र सोडून द्या. ती सांगत नाही. त्यापेक्षा “उद्या सकाळी डबा आणते, खिचडी चालेल की पोळी-भाजी?” असं विचारा. मे महिना असेल तर तिच्या कूलरमध्ये पाणी भरून या. घरात पंधरा माणसं बसलेली असतात, कूलर कोरडा फिरत असतो आणि कोणाचं लक्ष नसतं.

मग वचन सांगायचंच नाही का? आपण ख्रिस्ती म्हणून गेलो ना?

सांगायचं, पण वेळ बघून. “सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात” हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन खरंच आहे, माझाही त्यावर विश्वास आहे. पण मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, वॉर्डाबाहेर, मुलाचा रिपोर्ट हातात धरून उभ्या असलेल्या आईला ते ऐकवलं, तर तिच्या कानात एवढंच शिरतं की इथे रडायची परवानगी नाही.

नीतिसूत्रांत याला नेमकी उपमा आहे: खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं (25:20). डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पहाटे कोणाच्या अंगावरची शाल ओढून बघा.

तिने स्वतः “काही वाच ना” म्हटलं, तर विलापाची स्तोत्रं वाचा. तेरावं वाचा, “किती काळ, परमेश्वरा?” असं ते सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते शेवटपर्यंत उजेडाकडे वळत नाही, अंधारातच थांबतं. पवित्र शास्त्रात अशा प्रार्थनेला जागा आहे हे कळूनच कित्येकांना धीर येतो. माझ्या ओळखीच्या एका काकांनी ते स्तोत्र ऐकून विचारलं होतं, “हे खरंच बायबलात आहे का?” चष्मा लावून स्वतः वाचल्यावरच त्यांची खात्री पटली.

“देवाने माझ्याच बाबतीत असं का केलं?” असं तिने विचारलं तर उत्तर काय द्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं तेही इथेच. माझंही चुकलं आहे, ते शेवटी सांगते.

ती ‘का’ विचारते तेव्हा बहुतेक वेळा तिला कारण नको असतं. बाप गेलेल्या पोराला हार्ट अटॅक कशाने येतो ते समजावून सांगा, त्याचं रडणं थांबत नाही. पण ‘का’ ऐकलं की आपण घाबरतो. देवाचं नाव खराब होईल असं वाटतं आणि काळा कोट चढवून आपण उभे राहतो: त्याची योजना असते, परीक्षा असते, त्याला तिकडे गरज होती. ईयोबाने मित्रांना हेच विचारलं होतं, की तुम्ही देवाच्या बाजूने खोटं बोलणार का, त्याची वकिली करणार का (13:7-8)? आपल्या शहरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वकिलांना तोटा नाही. देवाला त्यांची गरज पडल्याचं मला पवित्र शास्त्रात कुठे दिसलं नाही.

आता बेथानीतल्या दोन बहिणी पाहा. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले, मग येशू आला. मार्था म्हणाली, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया आली आणि शब्द न् शब्द तेच म्हणाली (योहान 11:21 आणि 11:32). तक्रार एकच होती. मार्थाशी येशू बोलला, पुनरुत्थानाबद्दल बोलला, कारण ती वाद घालायच्या तयारीने उभी होती. मरीया पायांशी पडून रडत होती. तिला त्याने काहीही समजावलं नाही. “याला कुठे ठेवलं?” एवढंच विचारलं, आणि रडला. पाच-दहा मिनिटांत आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असून रडला. आपल्याला तर पुढे काय होणार हेही ठाऊक नसतं, मग आपल्याला कसली घाई असते कोण जाणे.

तेव्हा “मला माहीत नाही गं” म्हणायला शिका, आणि ते म्हणून उठून जाऊ नका.

ती देवाबद्दल वाईटसाईट बोलते. चर्चला यायचं नाही म्हणते. तिला थांबवायला नको का?

नामीला कोणी थांबवलं होतं? नवरा आणि दोन्ही मुलगे मवाब देशात गमावून ती बेथलेहेमला परतली, तेव्हा बाया जमल्या. ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले आहेत (रूथ 1:20). ‘मारा’ म्हणजे कडू. शेजारी तिची सून रूथ उभी होती. तिने “सासूबाई, असं बोलू नये” म्हटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्या अध्यायात ती शेतात सरवा वेचायला जाते आणि घरात खायला आणते.

देवावर रागावलेलं माणूस निदान देवाशी बोलत तरी असतं. आणि शेवटी देव कोणावर चिडला ते बघा: आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू मांडणाऱ्या अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर (42:7).

चर्चचं म्हणाल तर दोन-तीन रविवार ती आली नाही म्हणून आभाळ कोसळत नाही. उपासनेनंतर तुम्हीच तिच्याकडे चक्कर मारा. फक्त “आज तुझी आठवण सगळ्यांनी काढली, का आली नाहीस?” अशी हजेरी घेऊ नका.

प्रार्थना कधी करायची?

विचारून. आंधळा बार्तीमय समोर उभा होता, त्याला काय हवं ते दिसतच होतं, तरी येशूने विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं (मार्क 10:51). “इथेच प्रार्थना करू का, की घरी जाऊन करू?” असं विचारा. ती नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका.

केलीत तर छोटी करा, आणि तिने वापरलेलेच शब्द देवापुढे ठेवा. डोळे मिटून उपदेश करायची आपल्याकडे खोड आहे: “प्रभू, आमच्या बहिणीला कळू दे की तिने असा धीर सोडू नये.” ही प्रार्थना नाही, टोमणा आहे.

घरात सासू-सासरे, पोरं, पाहुणे. मोकळं बोलायला भेटायचं कुठे?

समोरासमोर खुर्च्या टाकून “आता सांग” म्हटलं की भल्याभल्यांची वाचा बसते. हाताला काम असलं किंवा पाय चालत असले की माणूस जास्त बोलतो. मटार सोला, मेथी निवडा. नाहीतर सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला न्या. उन्हाळ्यात सहालाच निघा, आठनंतर तिथेही ऊन चटके देतं. संध्याकाळचा फुटाळा तलाव टाळलेला बरा, गर्दी आणि भोंगे इतके की दर वाक्याला “काय म्हणाली?” विचारावं लागतं, आणि दुःखाची गोष्ट ओरडून सांगता येत नाही.

अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे असेच चालत होते. यरुशलेमपासून साधारण अकरा किलोमीटरची वाट होती. येशू त्यांना येऊन मिळाला आणि चालता चालता तुम्ही काय बोलत आहात असं त्याने विचारलं. ते उभे राहिले, तोंडं उतरलेली होती (लूक 24:17). जे घडलं ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने त्यांच्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली, मध्ये न तोडता. त्याचं बोलणं त्यानंतर आहे.

रडायला लागली तर?

रडू द्या. पाण्याचा पेला जवळ ठेवा. “रडू नको” हे आपण बहुधा आपल्यालाच बघवत नाही म्हणून म्हणतो.

माझ्यावरही असाच प्रसंग आला होता. तो सांगू का?

तिने विचारलं तर, आणि दोन मिनिटांत. आपली गोष्ट सुरू झाली की ती लांबते, आणि मग तीच आपलं सांत्वन करत बसते. हे मी स्वतः पाहिलं आहे: दहा दिवसांपूर्वी आई गेलेली मुलगी भेटायला आलेल्या काकूंचे डोळे पुसत होती.

पुरुषांचं काय? माझा मित्र तर काही बोलतच नाही.

आपल्याकडे दोन मित्र भेटले की “काय बे, कसा आहे?” “मस्त.” संपलं. आतून पोखरला असला तरी मस्तच. माझा भाऊ यावर एक उपाय करतो. तो मित्राला गाडीवर मागे बसवून तर्री पोहे खायला नेतो. गाडीवर एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्यामुळे बोलायला सोपं जातं म्हणतो. खाऊन झालं की एकदाच विचारतो: “खरं सांग, झोप लागून राहिली का?” मन कसं आहे विचारलं तर पुरुष लाजतात, झोपेबद्दल विचारलं तर सांगतात. कधी कधी सगळा दरवाजा तिथूनच उघडतो. नाही उघडला तर पुढच्या आठवड्यात परत पोहे.

मी सीएनआयची, ती कॅथलिक. तिच्या घरी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालू असते. मी काय करू?

बसा. हात जोडा. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या याच नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्या मानाने एका संध्याकाळी शेजारच्या चटईवर बसणं सोपं आहे. तिला फादरांशी बोलायचं असेल तर त्यांना फोन लावून द्या. आपल्या पाळकांचा नंबर पुढे करू नका.

आणि मैत्रीण ख्रिस्तीच नसेल तर?

तर तिच्या घरच्या रीतीप्रमाणे जा. दीक्षाभूमीच्या या शहरात आपल्या कितीतरी मैत्रिणी बौद्ध आहेत, हिंदू आहेत. तेरवीला बोलावलं तर जा, पुण्यानुमोदनाला बोलावलं तर जा, शांत बसा. तुमच्या विश्वासाबद्दल तिने विचारलं तर लपवू नका. पण तिच्या दुःखाला दार समजून त्यातून आपली धर्मप्रसाराची पत्रिका आत सरकवू नका. येशूच्या गोष्टीत जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून नेणाऱ्या शोमरोन्याने आधी त्याचा धर्म विचारला नव्हता, नंतरही नाही.

तिने सांगितलेलं प्रार्थना-गटात सांगितलं तर चालेल का? प्रार्थनेसाठीच तर सांगायचं.

नाही. यावर मी जरा तावातावाने बोलते, माफ करा.

कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, “प्रार्थनेसाठी सांगते हं, बाहेर जाऊ देऊ नका” असं म्हणून जे सांगितलं जातं ते चहा संपेपर्यंत मोहन नगरला पोचलेलं असतं. एका बहिणीच्या घटस्फोटाची बातमी तिच्या स्वतःच्या आईला एका ‘प्रार्थनाविनंती’तून कळली. त्यानंतर त्या बहिणीने कोणालाच काही सांगितलं नाही, आणि तिला दोष द्यायला मला तोंड नाही.

कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेलं कोणत्याही कारणाने फोडता येत नाही. आपल्यावर तसा नियम नसेल, पण विश्वासू मनाचा माणूस गोष्ट झाकून ठेवतो हे नीतिसूत्र (11:13) आपल्यासाठीही आहे. गटाला सांगायचंच असेल तर आधी तिला विचारा, आणि ती म्हणेल तेवढंच सांगा. तिचं नाव न घेता “माझी एक मैत्रीण, खामल्याला राहते, नवरा बँकेत” असं सांगणं म्हणजे नाव घेणंच. नवऱ्यालाही सांगू नका. हो, तुमच्या नवऱ्यालाही.

गुप्ततेला अपवाद आहेत, पुढच्या दोन उत्तरांत ते येतात. म्हणून “कोणालाच सांगणार नाही” अशी शपथ आधीच घेऊ नका.

“मला जगायचंच नाही” असं ती म्हणाली. हे पाप आहे असं सांगू का?

नका सांगू. एलीया काय म्हणाला होता? “आता पुरे, परमेश्वरा, माझा प्राण घे.” एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली मरण मागत झोपला. देवाने त्याला दटावलं नाही. दूताने त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला घातलं (1 राजे 19:4-8). बोलणं पुष्कळ नंतर, डोंगरावर पोचल्यावर.

तिला स्पष्ट विचारा: “जीव द्यायचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?” विचारल्याने डोक्यात खूळ भरतं हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं की माणसाला हायसं वाटतं. ठरवलं आहे म्हणाली तर एकटं सोडू नका. औषधं, फवारणीचं विष असं जे काही हाताशी असेल ते घरातून हलवा. तिचा विश्वास असलेल्या एका माणसाला बोलावून घ्या. 14416 हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. प्रसंग हातघाईचा असेल तर 112 लावा किंवा सरळ मेडिकल किंवा मेयो, यांतला जो सरकारी दवाखाना जवळ असेल तिथे तातडीच्या विभागात न्या. 

पोलिसांच्या भीतीने घरचे दवाखान्यात नेत नाहीत, असंही होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 त्यांना सांगा. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो, आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

आणि एक. आपल्या शहरात एका चौकाला आजही लोक ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ऑटोवाल्याला तेच सांगावं लागतं. त्यामुळे मानसोपचाराचं नाव काढलं की “मी काय वेडी आहे का?” असं येणारच. “माझी शुगर वाढली तेव्हा तूच मला डॉक्टरकडे ओढत नेलं होतंस ना, आता मी तुला नेते,” असं म्हणून मी एकीला नेलं होतं. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला तिच्यापासून थोडं लांबच ठेवा.

नवरा मारतो, असं तिने सांगितलं. आपण तर क्षमा करायला सांगतो...

क्षमेचा विषय काढायचा की नाही, कधी काढायचा, ते ती ठरवेल. “सहन कर, प्रत्येकाला आपला क्रूस असतो” हे वाक्य मी चांगल्या, प्रार्थनाशील बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. तो क्रूस नाही, तो गुन्हा आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तिचं सगळं ऐका, तिच्यावर विश्वास ठेवा आणि विचारा: “आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का?” समेट घडवायला नवऱ्याला परस्पर भेटायला जाऊ नका. त्याची किंमत तिला रात्री मोजावी लागते.

लहान मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर गुप्तता संपली. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098.

ऐकून ऐकून मीच थकले आहे. हे स्वार्थीपणाचं आहे का?

नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसायचा, तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, त्याला सांगितलं की तू असा झिजून जाशील, माणसं वाटून घे (निर्गम 18). येशूही गर्दी सोडून एकांतात जाई. “रात्री दहानंतर फोन नको, सकाळी मी स्वतः करते” असं म्हणता येतं. आणि म्हटल्यावर सकाळी फोन करायचा.

हे किती दिवस चालतं?

तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात कोणी नसतं. मी फोनमध्ये तारखा टाकून ठेवते: गेल्याचा दिवस, लग्नाचा वाढदिवस, त्यांच्याशिवायचा पहिला नाताळ. 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणासाठी लोक दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातात तेव्हा “मी पण येते” म्हणते. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. सगळे जण ते टाळतात, आणि तिला तेच ऐकायचं असतं.

मी चुकीचं बोलून बसले. आता ती फोन उचलत नाही.

माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं बाळ नवव्या महिन्यात गेलं. मी दवाखान्यात गेले आणि म्हणाले, “देवाला फुलं आवडतात गं, आणि तू अजून तरुण आहेस.” तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मी सगळ्यांना सांगत फिरले की तिचा विश्वास थंड झाला आहे.

मग एका नाताळात मी तिला चिठ्ठी लिहिली. त्यात कारणं दिली नाहीत. लिहिलं की त्या दिवशी मी जे बोलले ते चूक होतं, मी घाबरले होते, आणि बाळाचं नाव काय ठेवणार होतीस ते मी कधी विचारलंच नाही. उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत एका दुपारी तिचा फोन आला की संत्री आली आहेत घरी, येतेस का? गेले. बराच वेळ आम्ही फोडी सोलत बसलो. मग तिने नाव सांगितलं.